यजमान कोण?

'सेल्फ-होस्टिंग'ला मराठीत रूढ झालेला प्रतिशब्द नाही. शब्दाला शब्द ठेवायचा तर 'स्वतःच यजमान होणं' असं काहीसं म्हणावं लागेल. मराठीत यजमान म्हणजे केवळ पाहुणचार करणारा नाही. पूजेला बसतो आणि दक्षिणा देतो तो यजमान, घराचा कर्ता तो यजमान, आणि मागच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचा उल्लेख करत तोही 'आमचे यजमान' असाच. इंग्रजी 'होस्ट'मध्ये ही सत्ता फारशी ऐकू येत नाही, मराठी शब्दात ती उघड आहे. मला तिच्याबद्दलच बोलायचं आहे. घरातल्या चार माणसांचे फोटो, कागदपत्रं, पासवर्ड कंपनीच्या क्लाउडवरून काढून घरच्या सर्व्हरवर आणले, तर ती चार माणसं स्वतंत्र होतात, की त्यांचा फक्त यजमान बदलतो?

आधी ही वस्तू काय असते ते सांगतो. भाईंदर पूर्वेला नवघरमध्ये आमचा फ्लॅट आहे. टीव्हीखालच्या कपाटात जाडजूड पुस्तकाएवढा एक मिनी पीसी आहे, ऑफिसातून निघालेला, सेकंड हॅण्ड घेतलेला. त्यावर लिनक्स, लिनक्सवर डॉकर, आणि डॉकरमध्ये काही कंटेनर: फोटोंसाठी इमिच, फाइली आणि कॅलेंडरसाठी नेक्स्टक्लाउड, सिनेमे-गाण्यांसाठी जेलीफिन, पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन. असं यंत्र निवांत असताना साधारण दहा वॉट वीज खातं, म्हणजे वर्षभर अखंड चालून अठ्ठ्याऐंशी युनिटच्या आसपास. एखाद्या घराला हे सहज परवडतं. दहा-पंधरा वर्षांपूर्वी मात्र हे एवढं सोपं नव्हतं. प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःच्या लायब्रऱ्या लागत, एकाचं अपडेट दुसऱ्याला मोडत असे, आणि घरी सर्व्हर चालवणं हा हौशी माणसाचा रविवार खाणारा उद्योग होता. २०१३ साली डॉकर आलं आणि चित्र बदललं.

कंटेनर ही कल्पना डब्यांच्या मांडणीसारखी आहे. प्रत्येक अ‍ॅप आपल्या सगळ्या सामानासकट एका बंद डब्यात राहतं. शेजारच्या डब्यात काय आहे ते त्याला दिसत नाही. डबा बिघडला तर फेकून द्यायचा आणि त्याच पाककृतीवरून नवा बनवायचा, दोन मिनिटांचं काम. टिकवायचा असतो तो डेटा. तो डब्याबाहेर, 'व्हॉल्यूम'मध्ये ठेवतात. पण या रचनेत एक गोष्ट जाणूनबुजून तशीच ठेवलेली आहे. सगळे कंटेनर यजमान मशीनचं एकच कर्नल वापरतात. ते एकमेकांपासून लपतात, यजमानापासून लपत नाहीत. ज्याच्याकडे त्या मशीनचा रूट पासवर्ड आहे त्याला कुठल्याही डब्याचं झाकण उघडता येतं. तंत्रज्ञानाच्या पुस्तकात हा साधा तपशील आहे. चार माणसांच्या घरात तो नैतिक प्रश्न होतो.

तिथे जाण्यापूर्वी, लोक हा उद्योग का करतात ते नीट मांडायला हवं, कारण त्यांची कारणं खरी आहेत. ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुट बंद झालं, आणि त्यावरच्या मराठी कम्युनिटींमधल्या कित्येक वर्षांच्या गप्पा, भांडणं, कविता लोकांच्या हातून गेल्या. 'फोटो हवे तितके ठेवा, फुकट' असं वर्षानुवर्षं सांगून गूगल फोटोजने १ जून २०२१पासून नव्या फोटोंना पंधरा जीबीची मर्यादा लावली. तोवर लोकांची मुलं त्या अल्बममध्ये रांगून, चालून, शाळेत जाऊ लागली होती. २०२२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाची हकिगत छापून आली. तान्ह्या मुलाला झालेला संसर्ग डॉक्टरांना दाखवायला त्याने फोटो काढले होते. ते गूगलच्या यंत्रणेने बाललैंगिक शोषणाचे ठरवले आणि त्याचं खातं बंद केलं. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरवलं, तरी खातं परत मिळालं नाही. खात्याबरोबर इतक्या वर्षांचे मेल, फोटो, फोन नंबर असं सगळंच गेलं.

हे फक्त व्यक्तींपुरतं नाही. जुलै २०२५मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा अचानक थांबल्या. युरोपीय महासंघाने कंपनीवर निर्बंध लावले होते, भारतातल्या कुठल्याही कायद्याने नव्हे. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. तिच्याकडे वकिलांची फौज होती. नवघर रोडवरच्या एखाद्या क्लासवाल्याचं खातं बंद झालं तर तो कुठल्या न्यायालयात जाणार? भाड्याच्या घरात राहणाऱ्याला निदान करारनामा वाचता येतो, मालकाच्या दारात जाऊन बसता येतं. इथे मालकाचं दारच नाही, एक फॉर्म आहे.

तेव्हा घरी सर्व्हर ठेवण्यामागची प्रेरणा मला रास्त वाटते. फोटो आपल्या कपाटात आहेत, ते बघायला कुणाची परवानगी लागत नाही, याचं समाधान खरं आहे. पण 'आपल्या' या शब्दापाशी मी थबकतो. कपाट घरातल्या सगळ्यांचं. रूट पासवर्ड मात्र माझा एकट्याचा.

फोटोंचा सर्व्हर लावला तेव्हा मी घरी तिघांनाही बसवून सांगितलं की फोनमधले फोटो आता इथे येतील, हवं त्याने सुरू करा. बाबांनी विचारलं, पैसे किती वाचतील. आईने विचारलं, मावशीला पाठवता येतील ना. धाकट्या बहिणीने विचारलं, "दादा, तुला दिसतं का मग सगळं?"

"बघत नाही, पण बघायचं ठरवलं तर दिसू शकतं," मी म्हणालो. इमिचमध्ये प्रत्येकाचं खातं वेगळं असतं, एकाच्या खात्यातून दुसऱ्याचे फोटो दिसत नाहीत. पण मूळ फाइली डिस्कवर साध्या फोल्डरांत पडलेल्या असतात. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग माझे राहू देत जिथे आहेत तिथे." तिचे फोटो आजही कंपनीच्या क्लाउडवर आहेत.

खाजगीपणाबद्दल बोलताना आपण सहसा एक माणूस आणि एक राक्षसी कंपनी अशी जोडी डोळ्यांसमोर धरतो. कंपनी सगळं बघते, सगळं विकते, म्हणून तिच्यापासून लपायचं. पण आपल्याकडच्या घरांत राहणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीला खरोखर कुणापासून काही लपवायचं असतं? कॅलिफोर्नियातल्या डेटा सेंटरला ती कुणाबरोबर वसईच्या किल्ल्यावर गेली होती याच्याशी घेणंदेणं नसतं. तिथलं यंत्र फार तर तिला बुटांची जाहिरात दाखवेल. घेणंदेणं असतं ते भावाला, बापाला, काकाला. परक्याची नजर थंड असते, आपल्या माणसाची नजर थंड नसते. ज्याच्या बघण्याने आयुष्यात फरक पडतो त्याच्यापासूनच खाजगीपणा लागतो. तसं पाहिलं तर कंपनीचा क्लाउड सोडून भावाच्या सर्व्हरवर येणं म्हणजे अनेकींसाठी खाजगीपणा वाढणं नाही, कमी होणं आहे.

यावर कुणी म्हणेल, भाऊ भला असेल तर प्रश्न कुठे येतो? पण चाबी ज्याच्या हातात आहे तो चांगला असावा, एवढ्यावर विसंबून राहायचं नाही म्हणूनच तर आपण कंपनी सोडली. तिथे 'त्यांचं धोरण चांगलं आहे' हे उत्तर आपल्याला पुरलं नाही. मग स्वतःच्या बाबतीत 'मी चांगला आहे' हे उत्तर कसं पुरेल? शिवाय कायदाही इथे दारात थांबतो. २०२३चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा कंपन्यांवर संमतीची, डेटा पुसण्याची, तक्रार ऐकण्याची बंधनं घालतो. पण एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या डेटाला तो लागूच नाही, असं त्यातच लिहिलेलं आहे. युरोपच्या कायद्यातही अशी सूट आहे. ही सूट समजण्यासारखी आहे. आईच्या फोनमधल्या फोन नंबरांच्या यादीवर सरकारने देखरेख करावी असं कुणालाच वाटणार नाही. परिणाम मात्र असा की बहिणीच्या फोटोंबाबत गूगलवर जेवढी कायदेशीर बंधनं आहेत, तेवढीही माझ्यावर नाहीत.

तंत्राने यातून वाट काढता येते, पण अर्धीच. व्हॉल्टवॉर्डनमध्ये पासवर्ड ज्याच्या त्याच्या फोनवरच कुलूपबंद होऊन सर्व्हरवर येतात, चावी सर्व्हरकडे नसतेच. मला रूट असूनही आईच्या बँकेचा पासवर्ड वाचता येत नाही. फोटोंसाठीही तशी सोय असलेली, घरी चालवता येणारी सॉफ्टवेअर्स आहेत. भारतीयांनी सुरू केलेलं एन्टे त्यांतलंच. मग सगळंच असं कुलूपबंद का करू नये? कारण आई चावी विसरली तर मलाही ते उघडता येणार नाही. तिचे दहा वर्षांचे फोटो समोर डिस्कवर असतील आणि कुणालाच दिसणार नाहीत. जो बघू शकत नाही तो मदतही करू शकत नाही, आणि मदत करता यावी म्हणून ठेवलेली वाट बघण्यासाठीही उघडीच राहते. ही अडचण संगणकाआधीची आहे. म्हाताऱ्या आईबापांच्या कपाटाची दुसरी चावी कुणाकडे असावी, हा प्रश्न प्रत्येक घराने कधी ना कधी सोडवलेला असतो. फरक एवढाच की तिथे चावी कुणाकडे द्यायची ते कपाटाचा मालक ठरवतो. इथे सर्व्हर लावणारा एकटा ठरवतो, आणि असं काही ठरवलं जातंय हे बाकीच्यांना बहुधा कळतही नाही.

दुसरा प्रश्न वारशाचा. बँकेत खातं उघडताना नॉमिनीचं नाव लिहून घेतात, सोसायटीतल्या फ्लॅटलाही नॉमिनी लागतो. गूगलनेसुद्धा २०१३पासून खातं निष्क्रिय झाल्यावर ते कुणाला द्यायचं हे आधी सांगून ठेवण्याची सोय केली आहे. घरच्या सर्व्हरला नॉमिनी नसतो. उद्या मला काही झालं, तर आईबाबांसाठी कपाटातला तो डबा म्हणजे एक हिरवा दिवा असलेली बंद पेटी आहे. डिस्क कधी भरली, बॅकअप कुठे जातो, कुठलं अपडेट राहिलं, यातलं त्यांना काही माहीत नाही. कंपनीवरचं अवलंबित्व नको म्हणून उभी केलेली व्यवस्था एका माणसावर, त्याच्या तब्येतीवर आणि त्याच्या रविवारवर अवलंबून राहते. कंपनी निदान माझ्याबरोबर मरणार नाही.

आणि कंपनी खरंच सुटते का? घरगुती ब्रॉडबँडवर अनेकदा स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही. जुन्या पद्धतीचे पत्ते आशिया विभागात २०११लाच संपत आले, तेव्हापासून एका पत्त्यामागे शेकडो घरं बसवली जातात. घराबाहेरून स्वतःच्या सर्व्हरपर्यंत पोहोचायला मग कुठल्यातरी कंपनीचा बोगदा किंवा भाड्याचा सर्व्हर लागतो. बॅकअप घरातच ठेवून भागत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना एकाच इमारतीत दोन प्रती ठेवणं म्हणजे एकच प्रत ठेवणं, हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणून दुसरी प्रत गावच्या घरी किंवा, पुन्हा, कुणाच्या तरी क्लाउडवर. संपूर्ण स्वावलंबन असं काही नसतंच. कुणावर किती अवलंबून राहायचं आणि ते सोडता येईल का, एवढंच आपल्या हातात असतं.

इथे मला पाण्याचं उदाहरण मदतीला येतं. नवघर ही एकेकाळी स्वतंत्र ग्रामपंचायत होती. १९८५मध्ये भाईंदर, मिरे, काशी आणि खारी यांच्याबरोबर ती नगरपरिषदेत गेली, २००२मध्ये महानगरपालिका झाली. या शहरात राहणाऱ्याला पाणी येण्याच्या वेळा पाठ असतात. नळ पुरत नाही तिथे सोसायटी टँकर मागवते, जमलं तर बोअर मारते. ज्या सोसायटीची बोअर लागते तिथली माणसं पुढच्या वर्षी पालिकेवरच्या मोर्चात दिसत नाहीत. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७०च्या आपल्या पुस्तकात ही गोष्ट नायजेरियाच्या रेल्वेवरून मांडली होती. ट्रकची सोय झाल्यावर ज्यांनी सर्वांत जास्त आरडाओरडा केला असता तेच गिऱ्हाईक निघून गेलं, आणि रेल्वे सुधारण्याचं कारणच उरलं नाही. त्याच्या भाषेत, बाहेर पडण्याची वाट सोपी झाली की आवाज उठवणारे कमी होतात. विजेला इन्व्हर्टर, पाण्याला टँकर, शाळेला खाजगी शाळा: आपला मध्यमवर्ग याच वाटेने गेलेला आहे. घरचा सर्व्हर हे त्या यादीतलं पुढचं नाव ठरू शकतं. क्लाउड कंपन्यांच्या मनमानीविरुद्ध नेमकं बोलू शकतील अशी माणसं म्हणजे आम्ही इंजिनियर, आणि आम्हीच आपापली बोअर मारून गप्प बसलो तर रांगेतल्या बाकीच्यांचं काय?

पाण्याच्या बाबतीत महाराष्ट्राच्या इतिहासात दोन घटना आहेत. जातीच्या अन्यायाशी क्लाउडच्या तक्रारीची तुलना करण्याचा माझा हेतू अजिबात नाही. त्या दोन्ही कृतींतून विचाराची जी दिशा दिसते तेवढीच मी घेतो. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले. पाणी तळ्याबाहेरही कुठेतरी मिळालं असतं. पण तळं सार्वजनिक होतं, ते खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेने केलेला होता, आणि हक्क होता तो त्याच तळ्यावर. त्यासाठी पुढे दहा वर्षं कोर्टात लढावं लागलं, १९३७मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल बाजूने लागला. दुसरी घटना त्याआधीची. १८६८मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. तो हौद खाजगीच होता, मालकही तेच होते. आपल्या मालकीचं काय करायचं ते त्यांनी ठरवलं. सार्वजनिक गोष्टीवरचा हक्क सोडायचा नाही, आणि जे आपलं आहे ते फक्त आपल्यापुरतं ठेवायचं नाही, अशा या दोन दिशा आहेत. 'मी माझी विहीर खणली, तुम्ही तुमचं बघा' ही त्यांतली कुठलीच नाही.

सेल्फ-होस्टिंगच्या जगात दुसऱ्या दिशेने जाणारं बरंच काही आहे, हे मान्य करायला हवं. मी वापरतो ती सगळी सॉफ्टवेअर्स खुली आहेत. कुणीतरी आपल्या गरजेपोटी लिहिली आणि सगळ्यांसाठी ठेवली. विहिरीचं पाणी वाटलं तर कमी होतं, विहिरीचा आराखडा वाटला तर होत नाही. मराठीपुरतं बोलायचं तर १९९६पासून चालत आलेलं मायबोली हे संकेतस्थळ बघा. ऑर्कुट आलं आणि गेलं, मायबोलीवरचं जुनं लेखन आजही वाचता येतं. आपली जागा आपण चालवायची आणि ती इतरांसाठी चालवायची, असं तिथल्या लोकांनी ठरवलं म्हणून ते टिकलं. तिथेही यजमान आहेतच. पण नियम लिहिलेले आहेत, आणि त्यांच्यावर उघडपणे भांडता येतं.

मला वाटतं घरच्या सर्व्हरबद्दलचा योग्य शब्द मालक नाही, विश्वस्त आहे. गांधींनी संपत्तीबद्दल विश्वस्ताची कल्पना मांडली तेव्हा तिच्यावर रास्त टीका झाली होती की विश्वस्ताला जाब विचारायची सोय नसेल तर ती मालकीच, फक्त सभ्य भाषेतली. म्हणूनच आपल्याकडे देवळाच्या ट्रस्टलासुद्धा १९५०च्या कायद्याखाली हिशोब द्यावा लागतो आणि विश्वस्ताला काढता येतं. घरातल्या विश्वस्तालाही तेवढं लागू व्हावं. काय दिसू शकतं ते त्याने आधी आणि साध्या मराठीत सांगावं. कुणी कधी डिस्कवरच्या फायली उघडल्या याची नोंद ज्याची त्याला बघता यावी. प्रत्येकाला आपलं सगळं उचलून दुसरीकडे जाता यावं, आणि त्यासाठी त्याची मदत मागावी लागू नये. आणि दुसरी चावी घरात दुसऱ्या कुणाकडे असावी, शक्यतो अशा माणसाकडे ज्याचं त्याच्यापुढे चालतं. आमच्याकडे ती आईकडे आहे, एका पाकिटात. आत दोन पानं आहेत: हे यंत्र काय आहे, यातले फोटो साध्या फोल्डरांत कुठे सापडतील, आणि कुणाला फोन करायचा.

एवढं करूनही बहिणीचे फोटो इथे नाहीत, आणि ते इथे यावेत असा आग्रह मी धरणार नाही. तिचं गणित माझ्यापेक्षा वेगळं आहे आणि तिच्या बाजूने ते बरोबर आहे. मला कंपनी नको असेल, तिला कदाचित मी नको असेन. दोन यजमानांपैकी एक निवडण्याची मुभा तिला आहे तोवर ठीक. पण तिच्या कंपनीने उद्या तिचं खातं बंद केलं तर तिला दाद मागायला जागा असली पाहिजे, ही मागणी माझीही आहे. माझे फोटो माझ्या कपाटात सुरक्षित आहेत म्हणून ती मागणी करायची माझी जबाबदारी संपत नाही.